गाडीतली ओटी

धरणगावात डॉ. भिकन मोरे यांच्या दवाखान्याला पाटी आहे, पण ती वाचून आत आलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. सगळे 'भिकनभाऊकडे' म्हणून येतात. आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं यांचं नाव भिकन ठेवलं होतं. भिकेत मिळालेल्या पोराला दृष्ट लागत नाही, असा तिचा हिशेब. दृष्ट लागली नाही. पोरगा शिकला, एम.बी.बी.एस. झाला, गावातच बसला आणि आता साठी ओलांडून गेला.

दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाचं काय बिनसलंय, हे भिकनभाऊंना नळी कानाला लावण्याआधीच बरंचसं कळतं. कळलं की ते पोटात ठेवण्याची त्यांना सवय नाही. ताकदीचं सलाईन लावा म्हणून आलेल्या धडधाकट गड्याला ते सरळ सांगतात, "घर जाय, ताक पे, आन् मन्हा टाइम खाऊ नको." गडी हसतो, घरी जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. भाऊ पुन्हा हाकलतात. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

सगळ्या गावात भिकनभाऊंना न जुमानणारी एकच बाई होती, ती म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीतल्या यशोदाबाई पाटील. अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. स्वतःची पाच बाळंतपणं त्यांनी घरातल्या घरात, बेबाबाई सुईणीच्या हातून उरकली होती आणि ही गोष्ट त्या विचारलं नाही तरी सांगत. त्यांचा धाकटा मुलगा प्रेमराज ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो. त्याची बायको दिपमाला भडगावची.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तसं दिपमालाचं भडगावला झालं. कळा येता येता बाळाचे ठोके मंदावले, तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता सिझर केलं, आणि परी नावाची गोरीगोमटी नात यशोदाबाईंच्या मांडीवर आली. नात आवडली, पण सिझर काही त्यांच्या गळ्याखाली उतरलं नाही. भडगाववाल्यांना धीर निघाला नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. तीन वर्षांनी दिपमालाला पुन्हा दिवस गेले तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं असेल, तर, "आते दुसरं सासरले. कसं सुखरूप व्हस ते दखाडस मी भडगाववालास्ले."

दिपमालाच्या पोटावरच्या व्रणावर म्हातारीचा मान टांगला गेला तो असा. दिपमालाला कोणी काही विचारलं नव्हतं.

भिकनभाऊंनी मात्र पहिल्या दिवसापासून तिच्यावर लक्ष ठेवलं होतं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली आणि त्यात वार खाली दिसली. खाली आणि पुढच्या अंगाला, नेमकी जुन्या टाक्यावर. भाऊंनी सगळ्या घराला दवाखान्यात बोलावून घेतलं.

"हे नीट ऐका," ते म्हणाले. "बाळाला जी वार पोसते, ती बाळ झाल्यावर आपोआप सुटून येते. पण आधीच्या सिझरचा टाका आहे तिथं जर ती लागली, तर कधी कधी सुटतच नाही. त्या जागी अस्तर पातळ असतं. वार आत शिरून बसते. मग ती ओढायला गेलं की रक्त थांबत नाही. बऱ्याचदा पोट वाढतं तशी वार वर जाते, हिचीही जाईल कदाचित. पण हिचा टाका आहे, म्हणून मी 'कदाचित'वर विसंबणार नाही."

घरी जाऊन यशोदाबाईंनी सुनेच्या खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या. पाय उंच झाले की वार वर सरकते, असं बेबाबाईंचं म्हणणं. भाऊंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, विटांनी खाट वर जाते, वार जात नाही. यशोदाबाईंनी विटा काढल्या नाहीत.

पुढं सातव्या महिन्यात भाऊंनी तिला जळगावला डॉ. समीक्षा इंगळे यांच्याकडे पाठवलं. अवघड बाळंतपणं हातात घेणारी ही बाई भाऊंहून वीसेक वर्षांनी लहान, पण भाऊ तिच्याशी बोलताना खुर्चीत सरळ बसतात. तिनं स्वतः पुन्हा सोनोग्राफी करून फोन केला. "सर, वार हललेली नाही. टाक्यात रुतली असावी असा मला संशय आहे. हिचं बाळंतपण कळा सुरू व्हायच्या आधी, ठरवून, आमच्याकडेच व्हायला हवं. रक्त तयार ठेवून, सगळी माणसं हजर असताना. आणि थेंबभर जरी रक्त गेलं तरी त्याच मिनिटाला इकडे."

भाऊंनी हे पाटलांच्या घरी ओट्यावर बसून जसंच्या तसं सांगितलं. यशोदाबाई सोडून सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रेमराजचा चेहरा उतरला. यशोदाबाईंनी चहाचा कप पुढं केला आणि सुनेकडे बोट दाखवून विचारलं, "तिले काही दुखस का?"

"नाही."

"दुखत नही ना? मंग काय शे?"

भाऊ चहा प्यायले. यशोदाबाईंचं चुकीचं होतं, पण त्यात त्यांचा दोष नव्हता. साऱ्या मुलखात दुखणं म्हणजेच दुखणं. ज्याला कळ नाही त्याला कोणी आजार म्हणत नाही. आणि नेमकं हेच एक रक्त असं आहे की ते न दुखता येतं. भाऊंनी ते त्या दिवशी दिपमालाला वेगळं बसवून सांगितलं. "पोरी, दुखायची वाट पाहायची नाही. डाग दिसला की मला फोन. अर्ध्या जेवणावरून उठव मला." ती हो म्हणाली.

डोहाळजेवण पुढच्याच आठवड्यात होतं. दुसरेपणी कोणी एवढा थाट करत नाही, पण यशोदाबाईंना हौस. अंगणात मांडव घातला, झोपाळ्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या, वरण-बट्टी आणि भरिताचा बेत केला. भडगावहून दिपमालाची आई कुंदाबाई हिरवी साडी आणि फळांच्या करंड्या घेऊन आल्या. आल्या आल्या दोघी विहिणींचं सुरू झालं. कुंदाबाईंचं म्हणणं, पहिलं ज्यांनी केलं त्यांनाच आतलं सगळं माहीत, तेव्हा दुसरंही भडगावलाच. यशोदाबाईंचं म्हणणं, आतलं पाहायची वेळच येणार नाही. जळगावचं नाव दोघींच्याही तोंडी नव्हतं. त्या एका बाबतीत दोघींचं चांगलं जमलं होतं.

भाऊंना आमंत्रण होतं. पुरुषमाणसं बाहेरच्या अंगाला, पण भाऊंसाठी मांडवाच्या कडेला खुर्ची टाकलेली. त्यांनी बट्टी कुस्करली, तूप घातलं, पहिला घास घेतला आणि समोर पाहिलं.

बायका दिपमालाला झोपाळ्यावर बसायचा आग्रह करत होत्या. ती बसत नव्हती. आधी सगळ्यांना वाटलं लाजतेय. कोणी थट्टा केली, कोणी दंड धरून ओढलं. ती हसत होती, पण एक हात मागं नेऊन पदर कंबरेशी धरून उभी होती आणि पाठ भिंतीकडे ठेवून कडेकडेनं सरकत होती. सातवा महिना भरत आलेली बाई, सकाळपासून उभी, समोर सजवलेला झोपाळा, आणि बसायला नको म्हणते.

भाऊंच्या हातातला घास ताटात राहिला. ते उठले, हात न धुताच मांडव ओलांडून गेले आणि बायकांच्या घोळक्यात शिरले. पुरुष असा मध्ये आलेला पाहून गाणं थांबलं.

"दिपमाला," ते हळू म्हणाले, "कधीपासून?"

तिचे डोळे भरले. "मघाशी साडी नेसताना, काका. थोडंच वाटलं. सगळे जेवायला बसले होते. आणि दुखत नाहीये काही."

"आत चल. माझ्या हाताला धरून. सावकाश."

हिरव्या साडीवर मागच्या बाजूला तळहाताएवढा काळपट डाग पसरला होता. मांडवातल्या बायकांनी तो पाहिला आणि वाट करून दिली.

भाऊंनी तिला आतल्या खोलीत डाव्या कुशीवर निजवलं, १०८ ला फोन केला, आपल्या गाडीतली बॅग मागवली. पोटावर अलगद हात ठेवून पाहिलं, पोट मऊ होतं. बाळाचे ठोके ऐकले, ठोके व्यवस्थित होते. ब्लडप्रेशर घेतलं, हातात सुई लावून सलाईन चालू केलं. हे सलाईन मात्र खरंच लागणार होतं. मग समीक्षाला फोन लावून चार वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडून तीही चारच वाक्यं बोलली. अशा वेळी दोघंही शब्द वाया घालवत नाहीत.

तेवढ्यात बेबाबाई आत आल्या. थकलेल्या, पाठीत वाकलेल्या, पण या गल्लीतली अर्धी माणसं त्यांच्याच हातात जन्मलेली. त्यांनी बाह्या सरसावल्या, हात धुवायला तांब्या मागितला. "सरका भाऊ. मी जराखा हात लाईसन देखस, कितलं उघडनं शे ते."

"बेबाबाई, हात मागं."

भिकनभाऊंचा असा आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता. बेबाबाईंचा हात हवेतच राहिला.

भाऊंनी उठून त्यांचा तो हात स्वतःच्या हातात घेतला आणि खाली ठेवला. "तुमचा हात वाईट नाही. या हातानं किती पोरं सुखरूप काढली ते मला माहीत आहे. पण आज गर्भपिशवीच्या तोंडावर वार बसलीय. बोट लागलं तर तिला भोक पडेल, आणि मग ही पोर जळगावच्या रस्त्याला पण लागणार नाही. मी डॉक्टर आहे, मीसुद्धा आतून तपासलेलं नाही. आज कोणीच तपासायचं नाही."

बेबाबाई खाटेच्या उशाशी बसल्या आणि दिपमालाच्या केसांवरून हात फिरवू लागल्या. दिपमालाला उचलून नेल्यावर पायथ्याच्या विटा त्यांनीच पायानं बाजूला सारल्या, असं नंतर कुंदाबाई सांगत होत्या.

दारात यशोदाबाई उभ्या होत्या. हातात ओटीचं ताट, खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. त्यांना काय करावं सुचत नव्हतं, आणि न सुचण्याची त्यांना सवय नव्हती. "भाऊ, आते कोठे लई जातस तिले? बठ्ठं गाव जेवाले बसेल शे. ओटी ते भरू द्या. ओटी न भरता पोटुशी बाई उंबरा वलांडत नही."

"ओटी गाडीत भरा," भाऊ म्हणाले.

"गाडीमा?"

"गाडीत. ती निजलेली राहील, तुम्ही बसून भरा. नारळ मोठा असेल तर बाजूला ठेवा. पण गाडी थांबणार नाही."

१०८ ची गाडी गल्लीत शिरली तेव्हा मांडवातली माणसं ताटावरून उठून उभी राहिली. दिपमालाला स्ट्रेचरवर घेतलं. भाऊ तिच्या डाव्या बाजूला, नाडीवर बोट ठेवून बसले. प्रेमराज पुढं ड्रायव्हरशेजारी. कुंदाबाई परीला कडेवर घेऊन दारात रडत राहिल्या. परीसाठी कोणीतरी मागं राहायलाच हवं होतं. आणि यशोदाबाई ताट घेऊन मागच्या दारानं आत चढल्या.

जिनिंगचा कोपरा ओलांडून गाडी जळगाव रस्त्याला लागली. यशोदाबाईंनी सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं. गाडीच्या हेलकाव्यानं ते भुवईपर्यंत ओघळलं, तसं पदरानं टिपलं. पोटावरून पदर सारखा केला, खण ठेवला, मूठमूठ तांदूळ घातले. अर्धे तांदूळ स्ट्रेचरखाली सांडले. नारळ भाऊंनी स्वतःच्या मांडीवर घेतला. गाडीतल्या डॉक्टर पोरानं आधी हरकत घ्यायला तोंड उघडलं, मग भाऊंकडे पाहून मिटलं.

"काका," दिपमाला म्हणाली, "मी परत येईन ना घरी? परी लहान आहे अजून."

भाऊंना त्या वेळी भीती वाटत होती. चांगलीच वाटत होती. पण भीतीबरोबर त्यांना हेही माहीत होतं की रक्त पहिल्यांदा आलंय तेव्हाच आपण निघालोय, नाडी बोटाखाली भरलेली लागतेय, आणि पुढं जिच्या हातात ही जाणार आहे ती बाई दारात उभी असणार आहे. धीर द्यायला एवढं पुरेसं होतं, आणि ते खरं होतं.

"येशील," ते म्हणाले. "मी खोटं बोलून कोणाला बरं वाटू देत नाही, हे तुझ्या सासूला विचार."

यशोदाबाईंनी मान हलवली. एवढ्या वर्षांत भाऊंच्या बोलण्याला त्यांनी पहिल्यांदाच मान हलवली असेल.

जळगावला समीक्षा खरंच दारात होती. आत गेल्यावर सगळं झपाट्यानं झालं. रक्त थांबलं. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून इंजेक्शनं दिली. दोन दिवसांत दिपमाला उठून बसली, तिच्या गालावर रंग आला, आणि भाऊंना जी वेळ येणार हे माहीत होतं ती आली. प्रेमराजचा फोन. आई ऐकत नाही. रक्त थांबलंय तर घरी नेते म्हणते.

भाऊंनी दुपारचा दवाखाना बंद करून जळगाव गाठलं. वॉर्डाच्या बाकावर यशोदाबाई कपड्यांची पिशवी बांधून तयार बसल्या होत्या.

"रगत थांबनं ना, भाऊ? मंग आते काय शे? घरनं खाईन, घरनं निजीन."

भाऊ त्यांच्या शेजारी बसले. मराठी बाजूला ठेवून ते त्यांच्याच बोलीत बोलले. "अक्का, ते थांबेल नही शे. दम खाई राहिनं. परत ई तवय सांगीसन येवाव नही, आन् तवय जळगाव दूर पडी. तुम्ही माले एक सांगा. वावरमा विहीर खंदतस, सुरुंग लायेल ऱ्हास, आन् तो फुटत नही. तवय तुम्ही विहिरमा उतरतस का?"

यशोदाबाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि साड्या पुन्हा खाटेखालच्या पेटीत लावल्या.

दिपमाला महिनाभर जळगावलाच राहिली. विहिणींनी पाळ्या लावून घेतल्या. एक परीजवळ, एक दिपमालाजवळ. भडगाव की धरणगाव हा वाद मागं पडला, कारण दोघी एकमेकींना रोज फोनवर सांगायच्या की पोरगी आज काय जेवली. भाऊ आठवड्यातून एकदा येऊन जात. रक्त देणारी माणसं जमवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं आणि त्याची त्यांना फार मजा वाटत होती. दवाखान्यात ताकदीचं सलाईन मागायला जो जो गडी आला, त्याला त्यांनी तपासून सांगितलं, "तुन्हामा रगत जास्तीनं व्हई जायेल शे. जळगावले जाय आन् दी ये." प्रेमराजच्या दुकानाच्या टेम्पोतून पोरं ब्लडबँकेत जाऊन आली. आल्यावर सगळी छाती काढून हिंडत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी समीक्षानं सगळ्यांना बोलावलं. "वार टाक्यात रुतलेली आहे, आता त्यात शंका राहिली नाही," ती म्हणाली. "बाळ वरच्या बाजूनं काढायचं. वार सुटत नसेल तर ओढायची नाही, पिशवीसकट काढायची. तेच बहुधा करावं लागेल. म्हणजे यानंतर मूल नाही."

प्रेमराज जमिनीकडे पाहत राहिला. कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. यशोदाबाई काहीतरी विचारायला पुढं झाल्या, "पण मंग वंशनं...", आणि भाऊंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"अक्का, या खोलीत एकाच माणसाला विचारायचंय, आणि त्यालाच अजून कोणी विचारलेलं नाही."

सगळे दिपमालाकडे वळले. ती उशीला टेकून बसली होती. तिनं आधी भाऊंकडे पाहिलं, मग सासूकडे.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. "परी आहे, हे बाळ येतंय. मला त्या दोघांना वाढवायचंय. पिशवी राहो न राहो. कुठं सही करू, मॅडम?"

तिच्या आवाजात रडू नव्हतं. भाऊंना त्या पोरीचा फार अभिमान वाटला. समीक्षानं पेन पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर भाऊ आणि यशोदाबाई. प्रेमराज ब्लडबँकेच्या खिडकीशी उभा. आतून कोणी बाहेर आलं की तिघांच्याही माना वळत.

"भाऊ," यशोदाबाई म्हणाल्या, "तुम्ही आत काबर गया नहीत? तुम्ही इतला मोठा डाक्टर."

"आतलं काम माझं नाही, अक्का. आत ती पोरगी माझ्यापेक्षा खूप चांगली आहे. माझं काम दिपमालाला वेळेत इथवर आणायचं होतं, ते झालं. आता घरी आली की टाके, खाणंपिणं, बाळाचे डोस, ते पुन्हा माझं."

"आन् मी तिले घर लई गयतू ते?"

भाऊ उत्तर देऊ शकले असते. यशोदाबाईंच्या तोंडाकडे पाहून त्यांनी ते दिलं नाही. म्हातारीला उत्तर माहीत होतं. तिनं भाऊंचा हात घट्ट धरला होता.

समीक्षा बाहेर आली तेव्हा तिचे केस टोपीतून सुटले होते. "सर, दोघी ठीक आहेत," ती म्हणाली. "मुलगी झाली, वजन कमी आहे, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवू. पिशवी काढावी लागली. टाक्याच्या जागी नुसता पापुद्रा उरला होता, आतली वार बाहेरून दिसत होती. रक्त बरंच गेलं, पण आमच्याकडे तयार होतं. कळा सुरू होऊन घरून आली असती तर..." तिनं वाक्य सोडून दिलं.

यशोदाबाईंनी भाऊंचा हात सोडला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले. ज्या सुनेचं बाळंतपण त्यांना घरात करून दाखवायचं होतं, त्या सुनेच्या पोटात त्यांचं घर किती पातळ पापुद्र्यावर उभं होतं, हे त्यांना आत्ता दिसत होतं. त्या मोठ्यानं रडल्या. कोणी त्यांना थांबवलं नाही.

दिपमाला घरी आली. धाकटीही आली, बाळसं धरू लागली. भाऊ दर दोन-चार दिवसांनी जाऊन टाके पाहून येत, दिपमालाला लोहाच्या गोळ्या गिळायला लावत आणि पोट आवळून बांधू पाहणाऱ्या बेबाबाईंशी भांडत. गाडीत सांडलेले तांदूळ मात्र यशोदाबाई विसरल्या नव्हत्या. बारशाच्या दिवशी त्यांनी दिपमालाची ओटी पुन्हा भरली, या वेळी बसून, सगळ्या गावासमोर, आणि पहिल्यांदा ताट भाऊंच्या पुढं धरलं. भाऊंनी त्यात नारळ ठेवला. तो गाडीतलाच होता. एवढे दिवस त्यांच्या दवाखान्याच्या टेबलावर पडून होता.

त्यानंतरची, केळीची काढणी जोरात चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. सकाळचा दवाखाना भरलेला. बाहेर गलका झाला आणि रांग मोडून यशोदाबाई आत घुसल्या. एका हाताला धरून त्यांनी आपली थोरली मुलगी ज्योती आणली होती. ज्योती सावद्याला दिली होती, सासरी केळीचा व्यापार. तिचं पहिलं सासरीच, अचानक, सिझरनं झालेलं, हे भाऊंना माहीत होतं. आता पुन्हा पोट दिसत होतं. चारेक महिने असावेत.

ज्योती ओशाळून हसत होती. "मामा, तुम्हीच सांगा आईला. भल्या सकाळच्या गाडीनं आणलं मला. तिकडं सासू रागावलीय. माझं सगळं बरं आहे."

"रांगेत या, अक्का," भाऊ म्हणाले. "बाहेर माणसं बसलीत. काय होतंय तिला? पोटात दुखतंय?"

यशोदाबाईंनी मुलीला खुर्चीत बसवलं. बसवताना तिच्या साडीवर मागून एक नजर टाकली, आणि मगच भाऊंकडे वळल्या.

"तिले काही दुखत नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हनीसनच तुमनाकडे लई वनू."